नवव्या पाकळीचा दावा

मी नानवर उमटणारा एक जुना ठसा आहे, मित्रांनो. शाईचा नव्हे, खिळ्यांचा. माझी मूठ अक्रोडाच्या लाकडाची आहे आणि खालच्या गोल तळव्यात लोखंडी तारेचे टोकदार खिळे ठोकलेले आहेत. कच्च्या नानच्या मधोमध मला दाबले की तिथे बारीक भोके पडतात. मग तंदूरमध्ये कडा तेवढ्या फुगतात, मधला भाग चपटा राहतो आणि त्यावर माझे फूल दिसते. माझा स्वभाव थोडा टोचणारा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कोकंद शहराच्या बाजारात, ममायुनुस नावाच्या कारागिराच्या दुकानात झाला. माझ्या फुलाला नऊ पाकळ्या आहेत. आठ अगदी सुबक झाल्या. नववीच्या वेळी त्याची हातोडी घसरली आणि दोन खिळे बाहेरच्या बाजूला कलले. त्याने मला उचलून सरपणाच्या ढिगात टाकले. तेवढ्यात तोशपुलात नावाचा नानवाला आला. नव्या तंदूरसाठी त्याला ठसा हवा होता. फळीवरचे चांगले ठसे सोडून त्याची नजर माझ्यावरच पडली.

"तो वाकडा दे," तो म्हणाला.

"अरे, बिघडलाय तो. चुलीत घालायचाय."

"म्हणून तर दे! सरळ फुलं साऱ्या बाजारात आहेत. माझा नान लांबून ओळखू आला पाहिजे."

अशा रीतीने मी चुलीतून वाचलो आणि तंदूरवर आलो. तिथे मी बत्तीस वर्षे काम केले. मधल्या काळात तोशपुलातचे हात थकले, तेव्हा त्याची मुलगी हुस्निया हिने मला हाती घेतले. तिची पकड बापापेक्षा घट्ट होती. सगळे तिला ओपा, म्हणजे ताई, म्हणत. आमच्या नानला दुकानाचे नाव नव्हते की पाटी नव्हती. आया मुलांना सांगत, "वाकडं फूल बघूनच आण, नाहीतर परत पाठवीन!" हे ऐकून माझी छाती फुगत असे. खोटे कशाला बोलू, मी फार गर्विष्ठ होतो.

एक दिवस आमच्या समोरून बस गेली आणि तिच्या पाठीवर मला मीच दिसलो. ते केवढे मोठे फूल! सोनेरी रंग, नऊ पाकळ्या, नववी वाकडी. खाली लिहिले होते, 'आईच्या हातची चव'. मित्रांनो, मला आनंदाने नाचावेसे वाटले. मला वाटले, अखेर शहराने माझी कदर केली. हुस्निया मात्र पिठाने भरलेले हात तसेच धरून बस नाहीशी होईपर्यंत पाहत राहिली. तिचा चेहरा उतरला होता आणि तो का उतरला हे मला कळले नाही.

ते लवकरच कळले. शहराबाहेर नानचा नवा कारखाना चालू झाला होता. तिथला नान यंत्रातून निघे आणि प्लास्टिकच्या पिशवीतून दुकानोदुकानी जाई. पिशवीवर माझे फूल छापलेले असे. आमची जुनी गिऱ्हाइके येऊन तक्रार करू लागली.

"हुस्निया ओपा, कारखाना काढलास आणि आम्हाला सांगितलंसुद्धा नाहीस?"

"कुठला कारखाना? माझं जग या तंदूरपुरतं."

"मग पिशवीवर तुझं फूल कसं? आणि नान असला रबरासारखा कसा गं? सासूबाईंची कवळी निघून आली बाहेर!"

लोक हसले, हुस्निया हसली नाही. कुणाचा तरी शिळा, चिवट नान तिच्या नावावर खपत होता. दिवसेंदिवस तंदूरपुढची रांग आखूड होत गेली.

त्यानंतर पत्र आले. हुस्नियाच्या नवऱ्याने, इल्योसने, ते मोठ्याने वाचले. नऊ पाकळ्यांचे ते फूल कंपनीने चार वर्षांपूर्वी राजधानी ताश्कंदच्या कार्यालयात आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले होते. तेव्हा हुस्नियाने त्याचा वापर ताबडतोब थांबवावा, आणि हे चिन्ह उमटवणारी सर्व साधने नष्ट करण्यासाठी जमा करावीत, असे त्यात लिहिले होते.

साधने म्हणजे मी. बत्तीस वर्षांपूर्वी ज्या चुलीतून वाचलो होतो, तिकडेच आता मला कायद्याने पाठवायचे ठरले होते.

इल्योसने कमरिद्दीन वकिलांना घरी बोलावले. हा माणूस जाडा, घामाघूम आणि मनाने चांगला होता. नानचा तुकडा चहात बुडवत तो म्हणाला, "कायदा सरळ आहे, ओपा. आधी नोंद करेल त्याचं चिन्ह. तुम्ही नोंद केली नाहीत."

"माझ्या बापाने आणि मी ते बत्तीस वर्षं रोज नानवर उमटवलं, ही नोंद नाही का?"

"आहे की. कायद्यात त्यालाही वाट आहे. त्यांनी नोंद करायच्या आधीपासून हे फूल तुमचं म्हणून लोक ओळखत होते आणि त्यांनी ते जाणूनबुजून उचललं, असं दाखवलं तर त्यांची नोंद रद्द होते. पण तसं दाखवायला हवं. जुनी पिशवी आहे? जाहिरात? पाटी?"

"आम्ही नान विकतो, वकीलसाहेब. तो लोक खातात."

"तीच तर पंचाईत आहे. तुमचा सगळा पुरावा लोकांच्या पोटात गेलाय," वकील म्हणाला. हातातला तुकडा त्याने जरा ओशाळून खाली ठेवला.

"शेजारी साक्ष देतील," इल्योस म्हणाला.

"कंपनी म्हणेल, शेजारी ते, तुमच्याच बाजूने बोलणार. वस्तू हवी. चार वर्षांहून जुनी, तुमचं फूल असलेली वस्तू."

मग इल्योस हळूच म्हणाला, "एक नान आहे."

"नाव घेऊ नकोस," हुस्निया म्हणाली.

तो कोणता नान, ते सांगतो. आमच्याकडे घरातला कुणी लांबच्या प्रवासाला निघाला की तो ताज्या नानचा एक घास तोडतो. उरलेला नान घरचे कापडात बांधून भिंतीवर टांगतात. तो कुणी खात नाही, कुणी हलवत नाही. नान शाबूत आहे तोवर माणूस परत येणार, असे मानतात; आला की त्यानेच तो संपवायचा. ओयनिसा खोला आमच्या गल्लीतच राहते. खोला म्हणजे मावशी. तिचा मुलगा दिल्मुरोद सहा वर्षांपूर्वी रशियात बांधकामावर गेला. जाताना त्याने आमच्याच नानचा घास घेतला होता. दिवस लक्षात राहावा म्हणून खोलाने कापडाला आगगाडीच्या तिकिटाचा उरलेला अर्धा भाग टाचून ठेवला होता. पहिली दोन वर्षे त्याचे फोन आले. नंतर ते बंद झाले. त्याचा ठावठिकाणा कुणालाच लागला नाही.

"नुसतं विचारून तर बघू," इल्योस म्हणाला.

"काय विचारू? तुझ्या पोराची वाट बघणं जरा बाजूला ठेव, मला खटला जिंकायचाय? त्यापेक्षा हा ठसा मी स्वतःच्या हाताने तंदूरमध्ये टाकीन."

मित्रांनो, हे ऐकून मी सुन्न झालो. बत्तीस वर्षे मी या घराला पोसले आणि ही बाई मला जाळायला निघाली होती! मला तिचा मनस्वी राग आला. एक वाळका नान भिंतीवरून काढला तर कोणाचे काय बिघडणार होते? दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्या बोटाला टोचलो. तिने बोट तोंडात घातले, मला धुतले, कोरडे केले आणि पुन्हा कामाला लावले. माझी मलाच लाज वाटली.

वकिलांनी कंपनीच्या नोंदीविरुद्ध अर्ज केला आणि सुनावणीचा दिवस आला. इल्योस, हुस्निया आणि वकील ताश्कंदला जाणाऱ्या टॅक्सीत बसले. मी रुमालात गुंडाळलेला हुस्नियाच्या मांडीवर होतो. टॅक्सी सुटणार तोच ओयनिसा खोला लगबगीने येताना दिसली. तिने छातीशी एक पांढरे गाठोडे धरले होते.

"सरका जरा," ती म्हणाली. "चौथी सीट माझी."

"खोला, तुला कुणी सांगितलं?" हुस्नियाने विचारले आणि रागाने इल्योसकडे पाहिले.

"त्याच्यावर डोळे वटारू नकोस. सगळ्या गल्लीला माहीत आहे, मी काय बहिरी आहे? माझ्या पोराने तुझ्या बापाचा नान तोडलाय, त्या रबरवाल्यांचा नाही. हे सांगायला मी येणार."

"पण तो नान..."

"बोलू नकोस. ड्रायव्हर, खड्डे बघून चालव. माझ्या मांडीवर माझा मुलगा आहे."

घाटातल्या त्या साडेचार तासांत टॅक्सीत कुणी मोठ्याने श्वाससुद्धा घेतला नसेल. प्रत्येक वळणावर खोला गाठोडे उचलून हवेत धरी. ड्रायव्हरने गाणी बंद केली होती.

कार्यालयातल्या लांब टेबलाच्या एका बाजूला आम्ही बसलो आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचा माणूस. त्याचे कपडे झकपक होते, पण बोलणे उद्धट नव्हते. मधे अधिकारी बाई होत्या.

"हे फूल आमच्या चित्रकाराने स्वतःच्या कल्पनेने काढलंय," तो म्हणाला.

"आणि नववी पाकळी वाकडी का काढली?" बाईंनी विचारले.

"ती कलात्मक आहे, मॅडम."

हुस्नियाने सोबत आणलेल्या कणकेच्या गोळ्यावर मला दाबले. माझे फूल उमटले. कलात्मक पाकळी जागच्या जागी होती. त्यावर कंपनीचा माणूस म्हणाला की असा ठसा आमची जाहिरात पाहून कालपरवासुद्धा करून घेता येतो. म्हणायला ते बरोबर होते. मी जुना दिसतो, पण लाकूड काही तारीख सांगत नाही.

मग खोलाने गाठोडे सोडले. नान दगडासारखा वाळला होता, रंग मातकट झाला होता. एका कडेला घासाची अर्धगोल खाच होती आणि मधे माझे फूल होते. सहा वर्षांनी मी ते पाहत होतो. तिकिटावरची तारीख कंपनीच्या नोंदीच्या दोन वर्षे आधीची होती.

बाईंनी कार्यालयातल्या तज्ज्ञाला बोलावले. म्हातारा, जाड चष्म्याचा, अगदी हळुवार हातांचा माणूस होता तो. त्याने भिंगातून एकेक पाकळी मोजली. नवव्या पाकळीचे दोन खिळे कणकेवर जितके कलले होते, तितकेच नानवर कललेले होते. कंपनीच्या पिशवीवरही अगदी तितकेच. त्याच्या हातून चूक झाली असे मी म्हणणार नाही. भोके आरपार गेली आहेत का हे पाहायला त्याने नान दोन्ही हातांनी उचलला, आणि कट् असा आवाज झाला.

नान दुभंगला होता. मित्रांनो, तो माझ्या फुलावरून तुटला. सहा वर्षांपूर्वी जी भोके मी पाडली होती, त्याच भोकांच्या रेषेवरून.

टेबलावर चुरा सांडला. त्यातला एक कण जमिनीवर पडला. तो उचलायला सगळ्यांच्या आधी कोण वाकले असेल? कंपनीचा माणूस. त्याने तो कण उचलून कपाळाला लावला आणि खोलासमोर टेबलावर ठेवला. "माफ करा, मावशी," तो म्हणाला. पुढे त्याने एकही मुद्दा मांडला नाही.

खोलाने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने फक्त विचारले, "त्याचा घास कुठल्या तुकड्यावर आहे?"

"या तुकड्यावर, आजी," तज्ज्ञ म्हणाला. "घासाला धक्का लागलेला नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिने दोन्ही तुकडे आणि सगळा चुरा कापडात गोळा केला. तिला गाठ काही केल्या मारता येईना, तेव्हा ती हुस्नियाने मारली.

तीन आठवड्यांनी निकाल आला. कंपनीची नोंद रद्द झाली. बसच्या पाठीवरचे फूल पुसले गेले. आमच्या तंदूरपुढे पुन्हा रांग लागली, लोकांनी मिठाई वाटली आणि वकीलसाहेबांनी उभ्या उभ्या चार नान संपवले. त्यांनीच आता माझ्या फुलाची हुस्नियाच्या नावे रीतसर नोंद करून दिली आहे. शिक्क्याचा तो कागद भिंतीवर लावला आहे. एके काळी असा कागद पाहून मी हवेत तरंगलो असतो.

आता तसे होत नाही. खोलाने तुकडे एका कापडात शिवून पुन्हा भिंतीवर टांगले आहेत, असे हुस्निया सांगते. खोला रोज सकाळी एक नान घ्यायला येते. पूर्वी नान हातात घेतला की ती माझ्या फुलावरून बोट फिरवत असे. आता ती फक्त कडेला धरून नेते. ती मला दोष देत नाही, पण तिला पाहिले की मला फार वाईट वाटते. कार्यालयात मी जिंकलो खरा, पण ज्या वाकड्या पाकळीमुळे मी वाचलो तिच्याच जागी खोलाचा नान मोडला.

म्हणून तुम्हाला एक विनंती करतो, मित्रांनो. पिशवीवर, पाटीवर, बसच्या पाठीवर एखादे सुंदर चिन्ह दिसले की क्षणभर थांबा आणि ते कुणाच्या हातातून आले असेल ते विचारा. तुम्ही स्वतः काही घडवत असाल तर आपली खूण वेळेवर नोंदवा. आम्ही आळस केला आणि त्याची किंमत भलत्याच माणसाने मोजली.

माझी दुसरी विनंती तुमच्यापैकी एकालाच आहे. दिल्मुरोद, तू जिथे कुठे असशील तिथे हे तुझ्या कानावर पडले तर घरी ये. नान मोडला म्हणून तुझी आई मनातून घाबरली आहे, पण ती कुणाला सांगणार नाही. तुझा घास जसा होता तसाच आहे. बाकीचा नान अजून खाता येईल, चहात जरा जास्त वेळ भिजवावा लागेल एवढेच.