वळणावरचं गाणं

मारोतरावांना आभार मानता येत नसत. मनात नसायचे असं नाही, मनात ते पोतंभर असायचे. पण ओठापर्यंत आले की त्यांचा खोकला व्हायचा. मुलाच्या लग्नात व्याह्यांनी सगळा मांडव अंगावर घेतला, तेव्हाही मारोतराव त्यांच्यासमोर उभे राहून नुसते खोकले होते, आणि व्याह्यांनी काळजीने त्यांच्या हातावर ज्येष्ठमधाची कांडी ठेवली होती. अशा माणसाचा जीव सुनेने वाचवला तर तो काय करणार? त्यांनी तिच्या गाडीला मोठी चाकं आणली.

करडी गावाच्या टोकाला त्यांचं घर आणि नाल्यापलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं. मुलाने, संजीवने, दोन पैसे सुटावेत म्हणून पिकअप घेतली आणि वर्ष व्हायच्या आत त्याला बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी लागली. गाडी गोठ्याशेजारी धूळ खात पडली. त्याची बायको रंजिता हे किती दिवस बघणार? तिने शिकून घेतलं, लायसन काढलं आणि गाडी बाहेर काढली. रोवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत बायांना बांधीवर न्यायचं, पऱ्ह्यांच्या म्हणजे रोपांच्या पेंढ्या वाहायच्या, मळणीनंतर धानाची पोती. गावाला तिची सवय झाली, मारोतरावांना मात्र झाली नाही. सुनेने गाडी चालवायला आपली काही ना नाही, असं ते चारचौघांत सांगत. फक्त त्या गाडीत बसत नसत. गुडघा ठणकत असला तरी बांधीवर पायी जात आणि मागून गाडी आली की शेताच्या कडेच्या धुऱ्यावर उतरून तोंड फिरवत.

त्या गाडीत ते पहिल्यांदा चढले ते आडवे होऊनच. मागच्या वर्षी ऐन रोवणीत धुऱ्यावर त्यांच्या पायाला साप चावला. वरून पावसाची झड लागलेली, नाल्याच्या रपट्यावरून, त्या बुटक्या फरशी पुलावरून, पाणी चाललेलं. रंजिताने त्यांना दोन बायांच्या मदतीने सीटवर टाकलं आणि गाडी पाण्यात घातली. पाणी दाराच्या फटीतून आत आलं, मारोतरावांच्या चपला तरंगायला लागल्या, पण तिने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. पाण्यातून वर आल्यावर ती बोलायला लागली. त्यांनी डोळे मिटू नयेत म्हणून ती त्यांना लहानपणापासूनच्या बैलांची नावं विचारत राहिली. कोणता आधी होता, कोणता मारका होता, कोणता बाजारात विकला. कारध्याचा पूल येईपर्यंत मारोतराव जडावलेल्या जिभेने एकेक बैल आठवत होते. पूल ओलांडून भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. डॉक्टर नंतर म्हणाले की वेळेवर आणलं म्हणून वाचले.

घरी आल्यावर मारोतरावांनी तिला बोलावलं, समोर बसवलं, आणि खोकले. रंजिता पाणी घेऊन आली.

वर्षभर ते शब्द त्यांच्या घशात अडकून राहिले. मग त्यांच्या मनाने वेगळी वाट काढली. त्या दिवशी पाणी आत आलं कशामुळे? गाडी बुटकी म्हणून. चाकं उंच असती तर पोरीला एवढा जीव मुठीत धरावा लागला नसता. विचार पक्का होताच ते सकाळी गाडीजवळ गेले, सुतळीने चाकाची उंची घेतली, गाठ मारली, टायर आणि वरचा पत्रा यांच्यात बोटं घालून पाहिली. चार बोटं आरामात जात होती. म्हणजे जागा आहे. आयुष्यभर बंडी हाकलेला माणूस, त्याने बंडीचं माप घेतलं. बंडीचं चाक कधी वळत नाही, वळतात ते बैल. आणि बंडीवर कितीही पोती टाका, तिचा साटा, म्हणजे वरची चौकट, चाकावर येऊन बसत नाही. गाडीचं चाक मात्र पत्र्याच्या पोटातच डावी-उजवीकडे फिरतं आणि ओझं पडलं की पत्रा खाली येतो, हे त्यांच्या ध्यानात यायला काही कारणच नव्हतं.

मधुकरराव या जुन्या मित्राला घेऊन ते नागपूरला गेले. दुकानदाराने गाडी कुठे आहे असं विचारलं, तर मारोतरावांनी ऐटीत खिशातून सुतळी काढली. टायर मोठे, रिंगही रुंद, काळीशार आणि चकचकीत. करडीच्या स्टँडवर वीरेंद्रचं गॅरेज आहे. त्याने ती बसवून दिली. बसवताना तो काहीतरी बोलणार होता, पण मारोतराव इतके खुशीत होते की त्यांना ऐकायला सवड नव्हती. गाडी अंगणात आली. रंजिताने चाकांकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. मारोतरावांना वाटलं, झालं. न बोलता पोचलं.

मग सुरू झाले त्यांच्या सुखाचे दिवस. रंजिता पूर्वी अंगणातल्या मोहाच्या झाडाला एका दमात वळसा घालून गाडी बाहेर काढायची. आता ती सरळ पुढे जायची, तलावाच्या पाळीवरून लांबचा फेरा मारून गावातून परत यायची. मारोतराव ओसरीवरून मधुकररावांना दाखवायचे: बघ, अख्ख्या गावाला चाकं दाखवून येते. पूर्वी सगळ्या बाया एका खेपेत न्यायची, आता दोन खेपा करायची. हौस फिटत नाही तिची, मारोतराव म्हणायचे. आणि वळणावर गाडी आली की मागे डाल्यात, गाडीच्या उघड्या हौद्यात, बसलेल्या बाया एकदम गाणं सुरू करत, तेही पार बेंबीच्या देठापासून. मोठ्या चाकांच्या गाडीत बसायला मिळालं म्हणून बाया खूश आहेत, हे तर आंधळ्यालाही कळलं असतं. मारोतराव ते गाणं ऐकून ओसरीवर मान डोलवत. असा सुखी म्हातारा त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

सुख अति झालं की माणसाला ते जवळून पाहावंसं वाटतं. एका सकाळी गाडीत पेंढ्या भरून झाल्या, बाया चढल्या, आणि मारोतराव धोतर सावरत पुढच्या सीटजवळ जाऊन उभे राहिले. आपणही बांधीवर येतो म्हणाले. रंजिताच्या तोंडचं पाणी पळालं. चिखल फार आहे, गुडघा दुखेल, उद्या या, असं ती सुचवत राहिली; पण जो माणूस वर्षानुवर्षं या गाडीत पायाने चढला नव्हता, तो आज आपणहून चढत होता, त्याला ती अडवणार कशी?

गाडी सरळ रस्त्याने गुमान गेली. पहिलं वळण आलं तशी मागे रोवणीच्या बायांतल्या रत्नाबाईने तान घेतली आणि सगळ्यांनी ती उचलली. रंजिताही त्याच क्षणी मोठ्याने बोलू लागली, म्हशीने आज दूध कमी दिलं वगैरे. वळण संपलं, गाणं थांबलं, म्हशीचा विषयही थांबला. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. मारोतरावांना नवल वाटलं. रोवणीची गाणी त्यांनी जन्मभर ऐकली होती. ती चिखलात उभं राहून म्हणतात, लांबलचक असतात. असं एका वळणापुरतं तोडून कोणी म्हणत नाही.

तिसरं वळण नाल्याआधीचं, सगळ्यात आवळ. तिथे रस्त्यात खड्डा होता. गाडी आपटली, बायांची तान तुटली, आणि त्या फटीतून मारोतरावांच्या पायाखालून आवाज आला. खर्रर्र. विळा दगडावर घासावा तसा.

त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून ते पुढच्या चाकापाशी वाकले. टायरच्या खांद्यावरचं रबर सोलून निघालं होतं, आतल्या प्लास्टिकवर काळे फराटे होते, पत्र्याची कड घासून लखलखीत झाली होती. मागच्या चाकावर ओझ्याने पत्रा इतका खाली आला होता की चार बोटं सोडा, करंगळीही जाईना. मारोतरावांनी वाकूनच हळूच विचारलं:

"हे कधीपासून घासून राहिलं?"

"पहिल्या दिवसापासून, मामाजी," रंजिता म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. वीरेंद्रने त्याच दिवशी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ही चाकं वळताना लागतील, जुनी परत लावू. तिनेच त्याला गप्प केलं. सासरे पोळ्याला लेकीकडे सिहोऱ्याला जातात, तेवढ्यात गुपचूप काम करून घ्यायचं तिने ठरवलं होतं. तोवर अर्धंच ओझं, म्हणून दोन खेपा. पूर्ण वळायचं नाही, म्हणून तलावाचा फेरा. आणि जिथे वळावंच लागे तिथे आवाज ओसरीपर्यंत जाऊ नये म्हणून गाणं. ती युक्ती रत्नाबाईची. आज ते स्वतःच येऊन बसले आणि पेंढ्यांचं ओझं आधीच चढलेलं होतं, म्हणून घोटाळा झाला.

"काहून पण?" मारोतरावांचा आवाज चिरकला. "टायर फुटला असता तं? एवढ्या बाया मागं बसल्या."

उत्तर रंजिताऐवजी वरून रत्नाबाईने दिलं, पेंढीवर बसल्या बसल्या. "तुमी तिच्यासाठी काही आणलं, भाऊजी. पह्यल्यांदा आणलं. ते काढून ठेवा म्हणून तुमाले कोण सांगन?"

मारोतराव चाकापासून बाजूला झाले. पाणंदीच्या कडेला जाऊन त्यांनी पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले. लाज वाटली, हसूही आलं, आणि त्या दोन्हींच्या खालून उमाळा आला. आपण ओसरीवर बसून सुनेची हौस बघत होतो, आणि इकडे अख्खं बायांचं टोळकं घसा फोडून आपलं मन सांभाळत होतं. एवढं कुणी कुणासाठी करतं का?

त्या दिवशी बाया पेंढ्या डोक्यावर घेऊन बांधीवर चालत गेल्या आणि गाडी रिकामी, सरळ वाटेने, वीरेंद्रच्या दारात आली. मारोतरावांनी सुतळी खिशातून काढून त्याच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाले, मापात चुकलो, आता तू सांग. वीरेंद्र हसला नाही, हे त्याचं मोठेपण. जुनी चाकं परत लावणं सगळ्यात सोपं, असं तो म्हणाला. मारोतरावांचा चेहरा पडला, पण मानही हलली. जिवापेक्षा चाकं मोठी नाहीत.

"काढाचे नाहीत," रंजिता म्हणाली. "जागा कर तू."

वीरेंद्रने चाकं काढून नीट पाहिली. टायर फाटला नव्हता, वरची सालच गेली होती. ती पुढची चाकं मागे चालतील म्हणाला. मागच्या चाकांवरच्या कमानीत, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, त्याने एक पट्टा वाढवला, म्हणजे ओझ्याखाली गाडी बसणार नाही. पुढचं आतलं प्लास्टिक कापून मागे बांधलं, पत्र्याची खालची कड ठोकून आत वळवली, मडफ्लॅप मागे सरकवला. वळण आवळून देऊ का, म्हणजे चाक कमी फिरेल, असंही त्याने विचारलं. रंजिता नको म्हणाली. तिला मोहाच्या झाडाला एका दमात वळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. घरात धानाची पोती शिल्लक नव्हती, ओझं आणायचं कुठून? बांधीवर निघालेल्या बाया अंगणात आल्या, कुणी सांगायच्या आधीच डाल्यात चढल्या. सगळ्या, एकाच खेपेत. रत्नाबाईच्या शेजारी मधुकररावही जाऊन बसले. मारोतरावांनी तंबाखूची डबी काढली, त्यातला चुना पाण्यात कालवला आणि चारही टायरांच्या खांद्यांना बोटाने जाड पट्टे ओढले. कुठे लागलं तर चुना पुसला जाईल. मग डाल्याकडे वळून त्यांनी हात जोडले आणि सांगितलं, की आज गायचं नाही.

ते पुढच्या सीटवर बसले. रंजिताने गाडी झाडाजवळ आणली आणि स्टेअरिंग पार शेवटपर्यंत फिरवलं. गाडी वळली. झाडाखालच्या मुळांवरून डुलली, मागे एवढं ओझं, तरी खालून काही आवाज आला नाही. फक्त इंजिनाची घरघर आणि डाल्यात दाबून धरलेला श्वास. एक पूर्ण फेरा झाला. मारोतरावांनी खिडकीतून वाकून पाहिलं. चुन्याचा पट्टा पांढराशुभ्र, जसाच्या तसा.

खोकला आलाच. तो त्यांनी पूर्ण खोकून घेतला, आणि संपल्यावर उरलेलं बोलले.

"त्या दिवशी तू होती, म्हणून मी हाओ, रंजिता. मले बोलता येत नाही. म्हणून ते चाकं आणले होते."

रंजिताने समोरच बघत राहून मान हलवली. ओठ घट्ट मिटून तिने स्टेअरिंग तसंच वळवून धरलं आणि गाडी झाडाभोवती दुसऱ्या फेऱ्याला लागली. मागे बायांना कळेना की आपण बांधीवर चाललो आहोत की काय करतो आहोत. दुसरा फेरा संपता संपता तिने विचारलं.

"मामाजी, त्या दिवशी कारध्याच्या पुलावर तुमी हिऱ्यापाशी थांबले. त्याच्या नंतर कोणता बैल होता?"

वर्षभर तिने ते नाव विचारायचं राखून ठेवलं होतं.

"राज्या," मारोतराव म्हणाले. "पांढरा. लई गुणाचा होता." आणि ते त्याच्याबद्दल सांगायला लागले.