नळावरची नाडी

काकूंनी पदर खोचला आणि जन्मात पहिल्यांदा पान्हा हातात धरला. इलाजच नव्हता. लेक दुपारी रिकामी बॅग घेऊन येणार होती. "न्हाणीतला नळ गळून गळून फरशी निसरडी झालीय. एक नळ बदलणं होत नाही, आई, एकटी कशी राहशील? सामान भर, माझ्याकडे चल," असा तिचा फोनवरचा हुकूम. म्हणजे नळ गळला की घर सुटलं. प्लंबर तर फोनच उचलत नव्हता. काकूंनी नवा नळ आणि त्याच्या आट्यांवर गुंडाळायची टेप आणली, कोपऱ्यातला पाण्याचा कॉक बंद केला आणि लागल्या कामाला.

जुना नळ निघाला तशी त्यांना हसूच फुटलं. आट्यांवर चक्क पायजम्याची नाडी, तीही उलटी गुंडाळलेली! काम काकांचं. काकांना जाऊन वर्ष झालं होतं. हयातीत त्यांनी घरातली एक दुरुस्ती दुसऱ्याला करू दिली नाही, आणि एकही धड केली नाही.

"टेप घड्याळाच्या काट्यासारखी फिरवा," दुकानदाराने बजावलं होतं, "उलटी घेतलीत तर नळ बसवताना सुटेल." काकूंनी तश्शीच फिरवली. नळ खाली ठेवला, चष्मा पुसला. बघतात तो टेप उलटी.

आपलंच चुकलं म्हणून त्यांनी ती सोडवली, पुन्हा गुंडाळली. या खेपेला नजर हलू दिली नाही. पांढरी टेप त्यांच्या डोळ्यांदेखत सैल झाली, उलगडली आणि सावकाश, नीटनेटकी, उलट्या बाजूने बसली. शेवटच्या टोकावर अंगठ्याचा रुंद ठसा उमटला. भिंतीतल्या उघड्या पाइपात कुणीतरी घसा खाकरला.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात खाली लेकीची गाडी थांबली.

"हे बघा," त्या पाइपाकडे तोंड करून कुजबुजल्या, "जन्मभर तुमचंच खरं केलं. आज माझं ऐका. नळ गळला तर पोरगी मला नेईल. मग इथे भांडणार कुणाशी?"

काकूंनी टेप सरळ गुंडाळली. ती तशीच राहिली. नळ हाताने फिरला तेवढा फिरला, पुढे पान्हा हलेना. दमून त्यांनी हात सोडले. पान्हा पडायला हवा होता. तो नळाला धरून राहिला आणि करकरत अर्धा फेरा आपला आपण फिरला.

काकूंनी कॉक उघडला. एक थेंब नाही.

लेक आली ती बॅगेसकट थेट न्हाणीत. नळाखाली बोट फिरवलं. कोरडं.

"कुणी बसवला?"

"मी."

"चल, थापा नको मारूस!" तिने तोटी फिरवली. ढिम्म. मग दोन्ही हातांनी जोर लावला. "किती आवळलाय गं! अगदी बाबांसारखा..."

"अहो," काकू म्हणाल्या, "सोडा आता. लेक आहे आपली."

लेकीच्या हाताखाली तोटी अलगद, आपण होऊन फिरली.

लेक चहालाही थांबली नाही. बॅग न्यायलाही परत आली नाही. काकूंनी तिच्यात काकांचे पायजमे भरून ठेवलेत. नाड्या तेवढ्या काढून घेतल्यात; काकांना दुरुस्तीला लागतात.