वहिनींची साबणदाणी

दगड ओळखावा तर मीच, असा माझा परवापर्यंत ठाम समज होता. ऑफिसात कोणी नवीन आलं की मी चुनखडीचा तुकडा जिभेला लावायचो, डोळे मिटायचो आणि "हं" म्हणायचो. त्यातून मला काडीचंही कळायचं नाही, पण समोरचा गार व्हायचा.

तेलाच्या विहिरीतून, पार खालून, चुनखडीचा लांबलचक दांडा कापून वर आणतात. त्यातून बोटाएवढे तुकडे काढायचे, पाणी आणि तेल त्यांतून कसं सरकतं ते तपासायचं आणि खालचा सगळा खडक कसा आहे ते छातीठोकपणे सांगायचं, हे माझं काम. आता चुनखडी म्हणजे महालहरी प्रकरण. इथे घट्ट, तर वीतभर पलीकडे नुसती भोकंच भोकं. त्या भोकांच्या भागाला ड्रिल लावलं की झालाच भुगा. मग मी काय करायचो? धड तुकडा निघतो तिथूनच घ्यायचो! सगळे तुकडे देखणे, एकासारखा एक. अहवालात ठोकून दिलं, खडक एकसारखा आहे. भोकांचा भाग भंगारात गेला. त्यातला एक तुकडा जरा बरा दिसला म्हणून वहिनींना दिला, त्यांनी त्याची साबणदाणी केली.

माझा थोरला भाऊ त्याच कंपनीत. ज्या विहिरींचा मी अहवाल दिला, त्या सगळ्या त्याच्याच ताब्यातल्या. एका विहिरीतून पाणी खाली सोडायचं आणि त्या पाण्याने तेल ढकलत शेजारच्या विहिरीपर्यंत न्यायचं, असा बेत होता. माझ्या अहवालावर विसंबून दादाने पंप सुरू केले. तेल राहिलं बाजूला, शेजारच्या विहिरीत पाणीच येऊन धडकलं. साहेबांनी खापर दादावर फोडलं, म्हणे पंप फार जोरात चालवले. येत्या बैठकीत त्याच्याकडून विहिरी काढून घेऊन त्याला मुख्य कार्यालयात खुर्ची देणार होते. दादा आणि खुर्ची! हा माणूस जेवतानासुद्धा अर्धा उभा असतो. तिकडे बसवला तर महिन्याभरात वाळून जाईल, असं वहिनी म्हणायच्या. आणि त्याच बैठकीत मला प्रयोगशाळेचा प्रमुख करणार होते.

मध्यंतरी दादाने मला एकदोनदा विचारलं होतं, "तो साबणाचा दगड आपल्याच विहिरीतला का रे?"

"भंगार आहे दादा, त्यात काय बघतोस!" मी उडवून लावलं होतं. तज्ज्ञ ना मी!

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्याकडे जेवायला गेलो. धीर द्यायला, म्हणे. दिला काय, तर उपदेश. "दादा, जरा दमानं घ्यायला हवं होतंस." वहिनींनी भाताचं पातेलं माझ्यासमोर आदळलं. दादा नुसता "हं" म्हणाला.

हात धुवायला उठलो. मागून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आयुष्यात एक काम मात्र चांगलं केलंत. त्या दगडावर थेंबभर पाणी साचत नाही बघा."

मी बघितलं. नळाचं पाणी दगडाच्या भोकांत शिरत होतं आणि तसंच खालून धो धो बाहेर पडत होतं. बाजूच्या घट्ट भागात काही शिरत नव्हतं. मी नळ आणखी सोडला. मग बारीक केला. बारीक धारसुद्धा भोकांतूनच पळाली.

"अहो, टाकी रिकामी कराल!"

जमिनीखाली हेच चाललं होतं. पाणी भोकांतून सुसाट, आणि तेल शेजारच्या घट्ट दगडात जिथल्या तिथे. पंप कसेही चालवले असते तरी हेच झालं असतं. आणि लाज वाटते सांगायला, पहिला विचार दादाचा आला नाही, माझ्या नव्या केबिनच्या खिडकीचा आला. मी स्वतःला मनातल्या मनात एक शिवी हासडली.

"वहिनी, ही साबणदाणी उद्यापुरती न्यायची आहे."

"आणि साबण कुठे ठेवू? तुमच्या डोक्यावर?"

दुसऱ्या दिवशी भर बैठकीत मी तो दगड साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि वर पाण्याची बाटली उपडी केली. पाणी भोकांतून थेट साहेबांच्या कागदांवर. साबण चिकटलेला होता, त्यामुळे फेसही भरपूर झाला.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"माझा अहवाल चुकलाय, साहेब," मी म्हणालो. "हा दगड मी तपासलाच नाही. दादाच्या पंपांचा काही दोष नाही."

मग टेबल पुसत पुसत सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली, पोटभर. आधी भोकांचा थर बुजवायचा आणि मगच पाणी सोडायचं, असं ठरलं. विहिरी दादाकडेच राहिल्या. माझ्या बढतीचं "पुढे बघू" झालं.

बाहेर आलो तर दादा रुमालाने दगड पुसत उभा. खरं बोलल्याची मला जरा चढलीच होती. म्हटलं, "काय रे दादा, इतकी वर्षं विहिरींवर काढलीस, तुझ्या कसं लक्षात आलं नाही हे?"

"त्या बेसिनवर मी रोज हात धुतो," दादा म्हणाला.

मी जागच्या जागी थांबलो. "मग बोलला का नाहीस?"

"तुझी बढती होती ना रे."

मला भर रस्त्यात रडू फुटलं. दादाने दगड रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"चल, तुझी वहिनी साबण हातात धरून बसली असेल."