मुंजाबाच्या नावचा टॅबलेट

मुंजाबाच्या नावावर टॅबलेट आहे, ही गोष्ट मुंजाबा सोडून सगळ्यांना ठाऊक होती. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला ठाऊक होती, त्याच्याही वरच्या ऑफिसला ठाऊक होती. तिथल्या कॉम्प्युटरात लिहिलं होतं : वय चौऱ्याहत्तर, तालुका खुलताबाद, दहा इंची पडदा, सोबत पेन. पेन मुंजाबानं जन्मात हातात धरलं नव्हतं. त्याच्याकडे साठ मेंढरं होती, एक घोंगडी होती आणि बटणांचा एक जुना फोन होता. त्या फोननंच सगळा घोळ केला. फोननं म्हणजे, खरं बोलायचं तर, त्याच्या नातीनं.

नात अक्षदा. क्रांती चौकातल्या एका मोठ्या मोबाइलच्या दुकानात ती कंपनीचा निळा टीशर्ट घालून टॅबलेटच्या काउंटरवर उभी राहायची. नोकरी दुकानाची नव्हे, कंपनीचीही नव्हे, मधल्याच एका एजन्सीची, अकरा-अकरा महिन्यांची. आता टॅबलेट कोण घेतं? लॉकडाउनमध्ये पोरांच्या शाळेसाठी लोकांनी घेतले ते घेतले. त्यानंतर लोक यायचे, बोटं लावून बघायचे, किंमत विचारायचे आणि शेजारच्या काउंटरवरून मोठ्या पडद्याचा फोन घेऊन जायचे. अक्षदा दिवसभर पडद्यावरचे बोटांचे ठसे पुसायची. महिन्याला तीन खपले तरी डोक्यावरून पाणी.

एरियाचा मॅनेजर सत्यम. तोही काही राक्षस नव्हता. त्याच्या मानेवर पुण्याचा साहेब बसलेला, साहेबाच्या मानेवर आणखी कोणी. "गोदामात चारशे पीस पडलेत अक्षदा, आणि ते गेले म्हणून मी वर सांगून बसलोय," तो एकदा म्हणाला. "तीन महिने आकडा दाखव. तुला कंपनीत घेतो. कायम."

कायम या शब्दाला बजाजनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत देवाइतका मान होता. अक्षदाचे वडील हनुमान वाळूजच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं कंत्राटावर होते. दर वर्षी 'औंदा करतील कायम' म्हणायचे. मग म्हणायचे बंद झाले. अक्षदाला तो शब्द घरी नेऊन वडिलांसमोर ठेवायचा होता. दुसरं काहीच नको होतं तिला.

आकडा दाखवायची रीत सत्यमनंच शिकवली. टॅबलेट कुणाच्या तरी मोबाइल नंबरावर एकदा चालू झाला, की कंपनीच्या लेखी तो विकला गेला. गिऱ्हाईक दुकानात आलं का, घरी काय घेऊन गेलं, हे कुणी विचारत नसे. मग काय, केस वाळवायच्या मशीनची गरम हवा देऊन खोक्याचं सील अलगद सोडवायचं, टॅबलेट चालू करायचा, नंबर टाकायचा, त्या नंबरावर आलेला ओटीपी भरायचा, बंद करून सील परत चिकटवायचं. तीन मिनिटांचं काम. फक्त नंबर खरे लागत. खरी माणसं अक्षदाला कुठं माहीत होती? आजोबांच्या डोंगरावरच्या वस्तीतली.

"आबा, फोनवर सहा आकडे आले असतील बघा. सांगा."

"थांब, चष्मा घेतो." मुंजाबाला अक्षर येत नसे, आकडे येत. मेंढरं मोजणाऱ्याला ते यावेच लागतात. एकेक आकडा तो दमानं सांगे आणि झालं की विचारी, "बरी हायेस ना?" अक्षदा म्हणे, "हो आबा, ठेवते, गर्दी आहे." गर्दी नसे.

पुढं तर म्हातारा स्वतःच वस्तीत घरोघर फिरला. "माझ्या नातीच्या नोकरीचं काम हाय, तिचा फोन आला की आकडे सांगत जा." लोकांनी सांगितले. कशाचे आकडे, कुणी विचारलं नाही. पोरगी शहरात मोबाइल विकते एवढंच वस्तीला ठाऊक. तीन महिन्यांत एकेचाळीस नावं झाली. अक्षदानं ती एका वहीत लिहून ठेवली होती, एकाच माणसाला दोनदा टॅबलेट विकू नये म्हणून. खोट्यातही नीटनेटकेपणा होता पोरीचा.

आकडा वर गेला आणि वर सगळ्यांना आनंद झाला. ग्रामीण भागात टॅबलेटची लाट आली असं पुण्याच्या साहेबानं भाषणात सांगितलं. सत्यमनं दुकानात पेढे वाटले. आणि लाट आलीच आहे म्हटल्यावर कंपनीनं आणखी सहाशे पीस पाठवून दिले. त्या खोक्यांची थप्पी अक्षदानं दोनदा मोजली, पण सत्यम म्हणाला, "सोमवारी तुझं पत्र येतंय. तेवढं हातात पडू दे." तिनं दिवस मोजायला घेतले.

गुरुवारी सकाळी हनुमानांचा फोन आला. आबा मेंढरांमागं असताना चक्कर येऊन बांधावरून पडले होते. कपाळ फुटलं होतं.

खुलताबादच्या त्या छोट्या दवाखान्यात अक्षदा निळ्या टीशर्टवरच पोचली. मुंजाबा खाटेवर होता, डोक्याला पट्टी, हाताला सलाईन, चेहरा राखेसारखा. म्हाळसाबाई, तिची आजी, पायाशी बसून त्याचे तळवे चोळत होती. डॉक्टरमॅडमच्या हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं.

"बीपी फार खाली गेलंय," त्या म्हणाल्या. "मी महिन्याच्या गोळ्या दिल्या होत्या, पंधरा दिवसांत संपल्या. आबा, दोन-दोन घ्यायला कुणी सांगितलं?"

"तुमीच की," मुंजाबा पुटपुटला.

"मी?"

"तुमी म्हंजे, ते फोनवाले. मोठ्या दवाखान्यातले. टॅबलेटवाले."

दवाखान्यातला कंपाउंडर गोळीला टॅबलेट म्हणायचा, त्यामुळं वस्तीतही सगळे तेच म्हणत. अक्षदाचा हात खाटेच्या दांडीवर होता, तो तिथंच राहिला.

"काय म्हणाले ते?" डॉक्टरमॅडमनी विचारलं.

मुंजाबाला तेवढ्यातही हुरूप आला. खुलताबादच्या बाजारात मेंढरं विकून विकून त्याला हिंदी चांगली येत होती. "एक पोरगी व्हती. लई मायेची. म्हनली, दादाजी, टॅबलेट कैसा है? म्या म्हनलं, अच्छा है. रोज लेते हो? म्या म्हनलं, रोज सुबह एक बार. तर म्हनली, सिर्फ सुबह? शाम को भी लिया करो दादाजी, पूरा फायदा उठाओ. मंग इचारलं, गरम तो नहीं होता? म्या म्हनलं, दोपहर को बदन गरम होता है. म्हनली, धूप में मत रखना. तवापासनं म्या दुपारचा लिंबाखालीच बसतो."

"व्हय," म्हाळसाबाई म्हणाली. "दर चार दिसाला फोन. एवढं तर पोटचं बी इचारत नाय."

हनुमान गोंधळून बघत होते. डॉक्टरमॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. "असा कुठला दवाखाना फोन करत नाही. हा काहीतरी फसवणुकीचा प्रकार आहे. नंबर द्या मला." त्या खोलीत खरा प्रकार एकट्या अक्षदाला कळला होता, आणि ती गप्प उभी होती. सोमवार चार दिवसांवर होता. आबा वाचले होते. बोललं नाही तर कुणाला कळणारही नव्हतं. असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

मग म्हाळसाबाई म्हणाली, "साळूबाईला बी आला व्हता फोन. सखारामाला बी. समद्या वस्तीला येतोय."

अक्षदा बाहेर आली आणि पिंपळाच्या पाराला टेकून तिनं सत्यमला फोन लावला. सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता, हे त्याच्या श्वासावरून कळत होतं.

"ते फीडबॅकचे फोन वरून होतात," तो अखेर म्हणाला. "मला थांबवता येत नाहीत."

"नावं काढून टाका ना सर."

"कशी काढू? नावं खोटी आहेत असं तुला लेखी द्यावं लागेल. मग पत्र विसर. आणि माझं काय होईल तेही बघ. माझी मुलगी पहिलीत गेलीय आत्ता." मग म्हणाला, "म्हाताऱ्यांना नुसतं सांग, फोन उचलू नका. कारण कशाला सांगतेस?"

बुडणाऱ्याला एवढंही पुरतं. अक्षदानं साळूबाईला फोन लावला. वस्तीत सगळ्यात थकलेली तीच. साखरेच्या गोळ्या घ्यायची, एकटी राहायची.

"मावशी, तो टॅबलेटवाल्यांचा फोन येतो ना, तो उचलू नका. आणि गोळी एकच घ्या."

"का गं? मला तर दोनीनं लई हलकं वाटतंय. हातपाय जरा थरथरतात, तेवढंच."

"मावशी, ऐका माझं. आधी साखर खा थोडी. आत्ता. आणि दुसरी गोळी घेऊ नका."

"साखर? साखरेच्या दुखण्यावर साखर खाऊ व्हय? ती पोरगी शिकलेली दिसती. तू मोबाइल इकतीस, तू काय डॉक्टर हायेस?"

आता कारण सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अक्षदानं डोळे मिटले. "मावशी, तो फोन दवाखान्याचा नाहीच. माझ्या कंपनीचा आहे. मी तुमच्या नावावर खोटं लिहिलंय. तुम्ही वस्तू घेतली म्हणून लिहिलंय, नोकरीसाठी. ती पोरगी त्या वस्तूबद्दल विचारते. गोळीबद्दल नाही."

पलीकडं डब्याचं झाकण वाजलं. "खाते साखर," साळूबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

अक्षदानं तिथंच, पारावर बसून, अंगठ्यानं मेल लिहिला. 'ही एकेचाळीस नावं मी भरली आहेत. यातल्या कुणीही टॅबलेट घेतलेला नाही. कृपया त्यांना फोन करणं आजच थांबवा.' पत्त्याच्या जागी सत्यमचा नव्हे, पुण्याचा पत्ता टाकला. पाठवताना तिला वडिलांचा चेहरा दिसला, कायम न झालेला. मेल गेला. तो कोण वाचणार, कधी वाचणार, कुणास ठाऊक. तोवर फोन जातच राहणार होते.

ती आत गेली आणि पर्समधली वही डॉक्टरमॅडमपुढं ठेवून, वडिलांसमोर, आजीसमोर, सगळं सांगून मोकळी झाली. हनुमान उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. डॉक्टरमॅडम वही चाळत होत्या. यातले अकरा आपले पेशंट आहेत, दोघांना तर हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, असं म्हणून त्या टेबलावरच्या फोनकडं धावल्या. "खालून मी सुरू करते, वरून तू कर," त्या जाता जाता म्हणाल्या.

मुंजाबाला सगळं उमगायला वेळ लागला. अक्षदानं मोबाइलवर टॅबलेटचं चित्र उघडून त्याला दाखवलं. त्यानं ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"ही पाटी?"

"हो आबा."

"हिचं इचारत व्हती ती? गरम व्हती का म्हनून?"

"हो."

"आन उन्हात ठेवू नका म्हनली, ते बी हिचंच."

अक्षदानं मान हलवली. मुंजाबानं मोबाइल तिच्या हातात परत दिला. रागावला असता तरी चाललं असतं. पण तो नुसता छताकडं बघत राहिला.

"म्हंजे माझ्या तब्येतीचं कुनीच इचारत नव्हतं व्हय," तो म्हणाला.

म्हाळसाबाईनं पदर डोळ्यांना लावला. अक्षदाला रडायचाही हक्क राहिला नव्हता. या तीन महिन्यांत तिनं आबांना कितीदा फोन केला होता, आणि प्रत्येक वेळी कशासाठी, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "बरी हायेस ना?" हे दर वेळी आबाच विचारत होते. तिनं एकदाही उलट विचारलं नव्हतं.

तिनं वही घेतली आणि खाली फरशीवर बसून वरून दुसऱ्या नावाला फोन लावला. सखाराम, वय एकोणसत्तर. बऱ्याच वेळानं त्यानं उचलला. तिनं तोंड उघडायच्या आत तोच घाईनं बोलला.

"अक्षदा व्हय? थांब पोरी, ठेवू नको. चष्मा घेतो अन् तुझे आकडे सांगतो."