एकट्याला भाड्याने मिळणार नाही

बंदुकांच्या दुकानातल्या बर्निसने काउंटरच्या काचेवर फडकं अंथरलं आणि त्यावर दोन पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवली. डावीकडचं चौदाशे पन्नास डॉलरचं, उजवीकडचं दोनशे नव्व्याण्णवचं. दोन्ही काळी, दोन्ही तळहाताएवढी. लांबून बघितलं तर सख्खी भावंडं, फक्त एक शहरात शिकलेलं.

"रोज कंबरेला लावायचंय?" तिने विचारलं.

"रोज."

"काम काय करतोस?"

"काउंटीतले वजनकाटे तपासतो. दुकानांतले, बाजारातले."

"मग घेच बाबा. त्या धंद्यात मित्र फार नसतील."

ती चेष्टेत म्हणाली होती, म्हणून मी हसलो. आमच्या विल्टन फोर्कमध्ये पुरुष माणूस हवेपाण्यावर दोन मिनिटं बोलतो आणि कंबरेच्या पिस्तुलावर दोन तास. बायको, कार्ला, मला सोडून गेली त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून मी हवेपाण्यावर भागवत होतो.

"आधी दोन्ही चालवून बघतो," मी म्हणालो. "भाड्याने देता ना?"

"देतो की. बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

बर्निसने फडक्याची दोन टोकं उचलली आणि पिस्तुलं अलगद स्वतःकडे ओढून घेतली. मग बोटाने भिंतीवरची पाटी दाखवली. पहिल्यांदा एकट्याने आलेल्या माणसाला पिस्तूल भाड्याने मिळणार नाही. सोबत ओळखीचं माणूस हवं.

"का?"

"का ते तुला माहीत आहे, राजा. एकटा आलेला कधी कधी कागदाऐवजी स्वतःवरच नेम धरतो."

"मी फक्त तुलना करायला आलोय."

"सगळे तुलनाच करायला येतात."

"आणि विकत घेतलं तर? एकट्याला चालतं?"

"विकत घ्यायला काय, एक फॉर्म भरायचा. मी फोन लावते, सरकारात नाव तपासतात, दहा मिनिटांत तुझं."

"बर्निसबाई, यात काही गडबड आहे असं नाही वाटत तुम्हाला?"

"मी नियम करत नाही," ती म्हणाली. "मी फक्त ते प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला चिकटवते."

मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि कोणाला आणता येईल याचा विचार केला. भाऊ टल्साला असतो आणि नाताळला फोन करतो. ऑफिसातल्या बाईने एकदा माझ्या खोकल्याची चौकशी केली होती, पण तेवढ्या जोरावर तिला गोळीबाराला बोलावणं बरं दिसलं नसतं. यादी इथेच संपली. इतकी आटोपशीर यादी मी आयुष्यात दुसरी केली नव्हती.

शेजारी एक पांढरी व्हॅन उभी होती. आत सँडविच खात बसलेल्या माणसाने काच खाली केली.

"तुलाही हाकललं?"

"हाकललं."

"मला अकराला हाकललं. भूक लागली म्हणून इथेच बसलो." त्याने हात पुढे केला, मग त्यावरचं मेयोनीज पाहून मागे घेतला. "रॉइस टॅकेट. घरोघरी ऑक्सिजनच्या टाक्या पोचवतो."

"लाइल. तू कोणतं बघत होतास?"

"महागाचं. पण मन स्वस्तातल्याकडे ओढतंय."

"माझं उलटं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोन मिनिटांनी आम्ही काउंटरपुढे उभे होतो.

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" बर्निस म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

"कधीपासून?"

काहीतरी भारदस्त सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात रॉइस म्हणाला, "पाचेक मिनिटं झाली असतील."

बर्निसने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पुन्हा फडकं अंथरलं. "पाटीवर किती दिवसांची ओळख ते लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "पण मी काचेतून बघत राहणार."

त्या शनिवारी आम्ही दुकानामागच्या नेमबाजीच्या जागेत, तीन नंबरच्या लेनमध्ये उभं राहून सात यार्डांवरच्या कागदी माणसाला आळीपाळीने भोकं पाडली. कानांवर झाकणं, त्यामुळे प्रत्येक वाक्य ओरडून बोलावं लागत होतं. मी कित्येक दिवसांत इतक्या मोठ्या आवाजात कोणाशी बोललो नव्हतो.

"महागाचा चाप लोण्यासारखा!" मी ओरडलो. "कधी सुटतो पत्ताच लागत नाही!"

"माझी बायको अशीच गेली!" रॉइस ओरडला.

"वारली?"

"छे! टेनेसीला!"

स्वस्तातल्याचा चाप फुगलेल्या ड्रॉवरसारखा होता. ओढत राहायचं, मध्ये एकदा अडणार, मग खट्. महागाच्या नळीवरच्या, नेम धरायच्या ठिपक्याला अंधारातही चमक होती, स्वस्तातल्याचा ठिपका प्लास्टिकचा. महागाची मूठ हाताला धरून ठेवायची, स्वस्तातल्याची हाताला सोलायची. भोकं मात्र दोन्ही पिस्तुलांची एकाच जागी पडत होती. हे दुसऱ्या शनिवारीच आमच्या लक्षात आलं आणि दोघांनीही त्याकडे दुर्लक्ष केलं.

कारण तिसऱ्या शनिवारीही यायचं होतं. त्या दिवशी स्वस्तातलं एकदा अडकलं. काडतुसाची रिकामी पुंगळी अर्धी बाहेर, अर्धी आत. आम्हाला कोण आनंद झाला. तेवढ्यावर यंत्रातली कॉफी आणि शेंगदाण्याच्या बिस्किटांचे दोन पुडे संपले. दीडशे गोळ्यांत एकदा अडकणं म्हणजे जास्त की कमी? दोष पिस्तुलाचा की गोळ्यांचा? जे रोज कंबरेला लावायचं ते दोनशे गोळ्या न अडकता चालल्याशिवाय भरवशाचं म्हणू नये, असं रॉइसचं मत. पाचशे, असं माझं. पाचशे होईपर्यंत महिना सहज गेला असता.

चौथ्या शनिवारी मी विचारलं, "लपवायला कोणतं सोपं?" म्हणून मग आम्ही दोन्हींवर सदरे ओढून पाहिले. पाचव्याला थंडीत हातमोजे घालून कोणतं चालतं ते बघितलं. सहाव्याला रॉइस म्हणाला की तो रात्री टीव्ही चालू ठेवूनच झोपतो, आणि मी म्हणालो मी रेडिओ. दोन्हींतलं कोणतं बरं यावर आमचं एकमत झालं नाही. शुक्रवारी मी सदऱ्याला इस्त्री करू लागलो होतो. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. सांगायला शनिवारचाच माणूस होता.

सातव्या शनिवारी मी पोचलो तेव्हा तो आधीच आत होता. सहा नंबरच्या लेनमध्ये, एकटा. बाकावर नवी कोरी छोटी पेटी.

"घेतलं," तो म्हणाला. "काल. दोनशे नव्व्याण्णव अधिक कर."

"अरे, पण पाचशे गोळ्या कुठे झाल्या?"

"दोनशे तर झाल्या."

"चापाचं काय? तो ड्रॉवर?"

"सवय होते, लाइल."

"आणि ऐन वेळी अडकलं म्हणजे?"

"सात आठवड्यांत एकदाच अडकलं. माझी व्हॅन आठवड्याला दोनदा अडकते." त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "भोकं एकाच जागी पडतात रे. मला दुसऱ्या शनिवारीच दिसलं होतं."

"मलाही," मी म्हणालो.

मी काउंटरकडे गेलो. बर्निसने न विचारता महागाचं पिस्तूल फडक्यावर ठेवलं. "तो वेगळ्या लेनमध्ये आहे," मी म्हणालो. "म्हणजे माझ्याबरोबर कोणी नाही."

"तुला आता कोणी लागत नाही," ती म्हणाली. "तू ओळखीचा झालास. खुशाल एकटा येत जा."

तिने हे बक्षीस द्यावं तसं सांगितलं. मी पन्नास गोळ्या घेतल्या, अकरा उडवल्या, उरलेल्या परत केल्या.

बाहेर रॉइस व्हॅनच्या दारात उभा राहून पट्ट्यात पेटीतली वस्तू कशी बसते ते बघत होता. मी जवळ गेलो. काटे तपासताना मी लोकांना तोंडावर सांगतो की तुमचं वजन खोटं आहे, त्याला मी कधी घाबरलो नाही. इथे मात्र मी आधी त्याच्या व्हॅनचं चाक तपासल्यासारखं केलं.

"पुढच्या शनिवारी नाश्त्याला येतोस?"

"कशाला?" त्याला खरंच कळलं नव्हतं.

"नाश्त्याला."

"म्हणजे पिस्तूल अडकवायचं होल्स्टर वगैरे बघायचंय का तुला? चामड्याचं की प्लास्टिकचं?"

हो म्हणणं सोपं होतं. होल्स्टरवर दोन महिने आरामात निघाले असते.

"नाही," मी म्हणालो. "बघायचं काही नाही. नुसतं बसायचं."

"नुसतं?"

"हो."

त्याने पट्टा सारखा केला, पुन्हा सारखा केला. मग व्हॅनमध्ये चढून काच खाली केली.

"कळवतो," तो म्हणाला.

माझा नंबर त्याच्याकडे नव्हता. तो मागतो का ते बघत मी उभा राहिलो. मी देतो का ते बघत असावा बहुतेक तोही, कारण इंजिन सुरू करून तो बराच वेळ तसाच बसला होता.