तिसरा ठोका

मेस्त्रींच्या पोरीचा पहिला अल्बम आला, हे गॅरेजात सगळ्यांत आधी वेल्डरला कळलं, आणि वेल्डरच्या पोटात आजवर काही राहिलेलं नाही. दुरुस्तीला आलेल्या एका लांबलचक गाडीला त्याने फोन जोडला, चारी दारं उघडली आणि आवाज होता नव्हता तेवढा वाढवला.

आधी नुसती घुमघुम झाली. मग उशीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा पोरीचा आवाज आला. शब्द कळेल तर शपथ!

"हिला आम्ही भोंगा म्हणायचो," मेस्त्री म्हणाले. "रडायला लागली की शेजारची दुकानं बंद व्हायची. तो आवाज गेला कुठे?"

"हल्ली असंच गातात मेस्त्री. कुजबुजत, अंधारात बसून," वेल्डर म्हणाला.

"ते अल्बमवरच्या फोटोवरून कळतंच आहे. दिवा लावायला कुणी नव्हतं वाटतं."

सगळे हसले. वहिनीही हसल्या. वहिनी म्हणजे मेस्त्रींची बायको. मेस्त्रींनी चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा आणि ठोक्यांच्या खुणा राहतील तिथे वहिनींनी पुट्टी भरून, पॉलिश पेपर घासून सगळं गुळगुळीत करायचं, अशी या गॅरेजची वाटणी होती. मागच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड होतं आणि तिथेही वाटणी हीच होती.

पोरगी घर सोडून गेली तेव्हापासून मेस्त्रींनी तिचा विषय काढला नव्हता. आता मात्र ते गाडीच्या टपावर कोपर टेकून कौतुकाने ऐकत होते. यश आलं की रुसवे पळतात, बापाचे तर सगळ्यांत आधी.

तिसऱ्या गाण्याला ताल सुरू झाला आणि रंगाऱ्याने हातातली रंगाची गन खाली ठेवली.

टक्, टक्, धाड. टक्, टक्, धाड.

"मेस्त्री, हा तर तुमचा हात!"

आणि होताच. दोनदा हातोडी हलकेच टेकवून पत्र्याचा उंचवटा शोधायचा आणि तिसरा ठोका असा घालायचा की पुन्हा घालायची वेळ येऊ नये, ही मेस्त्रींची पद्धत. पाठ करून उभी असलेली माणसंही तो हात ओळखत. वेल्डर तर नाचायलाच लागला. रंगारी म्हणाला, "बापाची आठवण ठेवली पोरीने!" मेस्त्रींनी सगळ्यांना चहा पाजला. काय म्हणावं या माणसांना? उभा जन्म ठोक्यांत गेला, त्यामुळे त्यांना ठोकाच ऐकू आला.

वहिनींच्या हातातला पेपर मात्र थांबला होता.

घरीही मेस्त्रींचा हात तोच होता. आधी बोटांच्या पेरांनी दारावर किंवा टेबलावर दोनदा टकटक, आणि मग तिसरा. आपल्याला अशी सवय आहे हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. जित्याची खोड ती, ज्याची त्याला कधी दिसत नाही. मायलेकींना मात्र ती पुरती ठाऊक होती. दोन टकटकींच्या मधे जेवढा वेळ मिळे तेवढ्यात वहिनी पोरीला पलंगाखाली ढकलायच्या. पलंगाखालून ती आईशी असंच बोलायची, ओठ न हलवता. म्हणून या गाण्याचे शब्द त्या सबंध गॅरेजात एकट्या वहिनींना कळले.

पहिला टोला मोजायला,
दुसरा श्वास धरायला,
तिसरा माझ्या आईला.

आणि पुढे: पलंगाखाली जागा एकीचीच, आई, तू कुठे लपशील?

वहिनींना रडू आलं नाही. त्यांना भीती वाटली. या माणसाला शब्द कळले तर?

त्या दिवसापासून अल्बम रोज वाजू लागला. गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मेस्त्री तिसरं गाणं ऐकवत. "हा मी," असं म्हणत आणि बॉनेटवर बोटांनी ताल धरत. ताल संपून शब्द यायची वेळ झाली की वहिनी घासायचं मशीन सुरू करत. घर्रर्र! गाणं त्यात बुडून जाई.

"काय गं, नेमकं गाणं रंगात आलं की तुझं मशीन सुरू!"

"गिऱ्हाईक खोळंबलंय."

"आईला लेकीचं कौतुक नाही, बघा," मेस्त्री गिऱ्हाइकाला सांगत.

वहिनी मूग गिळून काम करत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो त्यांच्या अंगवळणी पडला होता. इतक्या वर्षांत त्या अंगाला काय काय वळण लागलं होतं ते ब्लाउजच्या बाह्यांआडच राहिलेलं बरं.

मग एक दिवस वेल्डरने नवी बातमी आणली. पोरीचा कार्यक्रम याच शहरात होणार होता.

मेस्त्रींनी तिकीट काढलं, एकच. आपली जुनी हातोडी त्यांनी घासूनपुसून आरशासारखी केली. "तिसरं गाणं लागलं की स्टेजवर चढणार," ते म्हणाले. "पोरीसमोर लोखंडी ठोकळा ठेवायचा आणि खरा ठोका घालायचा. पब्लिक वेडं होईल!"

वेल्डरने टाळ्या वाजवल्या.

वहिनींना ते दृश्य जसंच्या तसं डोळ्यांसमोर दिसलं. अंधारा हॉल, हातात माइक घेतलेली पोर, आणि समोरून हातोडी घेऊन चालत येणारा बाप. टक्, टक्. पोर तिथेच कोसळली असती. आणि तिथे, तिच्या एवढ्या जवळ उभं राहून, या माणसाला शब्द ऐकू गेले असते तर? तिथे पलंग नव्हता. ढकलायला आई नव्हती.

"नका जाऊ," वहिनी म्हणाल्या.

"का? जळतेस?"

आता लपवण्यात अर्थ उरला नव्हता. शब्द त्याच्या कानांवर पडणारच असतील तर इथे पडू देत, माझ्या तोंडून पडू देत, असं वहिनींनी ठरवलं. जो काय मार असेल तो इथेच संपू दे. बाई घाबरलेली होती, पण तिचं ठरलं होतं.

कार्यक्रमाच्या दुपारी मेस्त्री नवा शर्ट घालून, हातोडी घेऊन गॅरेजात आले. वहिनींनी कॉम्प्रेसर बंद केला. "तिसरं लाव," त्या वेल्डरला म्हणाल्या. ताल सुरू झाला. मग कुजबुज आली आणि प्रत्येक ओळीमागून वहिनींनी ती ओळ मोठ्याने म्हटली, शाळेत कविता म्हणतात तशी.

"पहिला टोला मोजायला. दुसरा श्वास धरायला. तिसरा माझ्या आईला."

बॉनेटवर ताल धरणारी मेस्त्रींची बोटं थांबली.

"पलंगाखाली जागा एकीचीच, आई, तू कुठे लपशील?" वहिनी म्हणाल्या. "हे तुमचंच कौतुक चाललंय. सगळं गाव ऐकतंय."

मेस्त्रींनी बॉनेटवर दोनदा टकटक केली.

इथून पुढे त्या माणसाला अहो-जाहो करण्याचं मला काही कारण दिसत नाही. त्याने तिच्या तोंडावर मूठ घातली. ती जॅकवर आपटली आणि गळ्याखालचं हाड काडकन मोडलं. तो आवाज गाण्यावरूनही ऐकू आला. त्याने तिला केसांनी धरून उठवलं आणि गाडीच्या दारावर आदळलं. दाराला पोचा पडला. दातांतून रक्त आलं, नव्या शर्टावर उडालं, आणि शर्ट खराब झाला म्हणून त्याने तिच्या पोटात लाथ घातली. रंगारी भिंतीला चिकटून उभा राहिला. वेल्डरने गाणं बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," ती जमिनीवरून म्हणाली.

"चालू दे की!" तो ओरडला. "आता तर जातोच! शिकवलं कुणी तिला हे? तिचं थोबाड असं सरळ करतो की पुन्हा गाणार नाही!" त्याला धाप लागली होती. उजवा हात लोखंडी ठोकळ्यावर टेकून तो हातोडी शोधायला लागला.

हातोडी झटापटीत खाली पडली होती. ती वहिनींच्या हाताशी होती.

मोडलेल्या खांद्याने त्या कशा उठल्या ते त्यांनाही पुढे सांगता आलं नाही. डाव्या हाताने हातोडी उचलली. मोजलं नाही, टेकवून पाहिलं नाही, एकच ठोका घातला. ठोकळ्यावर पसरलेली ती बोटं जागच्या जागी चपटी झाली. तो असा ओरडला की शेजारच्या दुकानातली माणसं धावत आली. वहिनींनी दुसऱ्यांदा हातोडी उचलली तेव्हा मात्र रंगाऱ्याने त्यांना मागून धरलं.

दवाखान्यात आत त्याच्या किंकाळ्या चालू होत्या. बाहेर बाकावर वहिनींचा हात झोळीत बांधून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय झालं होतं?"

"त्यांच्या हातावर बॉनेट पडलं," वेल्डर घाईने म्हणाला. वहिनींना वाचवावं एवढंच बिचाऱ्याच्या मनात होतं. "आणि धावताना वहिनी घसरल्या. जॅकवर."

"नाही," वहिनी म्हणाल्या. ओठ सुजले होते, पण शब्द स्पष्ट होते. "बॉनेट पडलं नाही आणि मी घसरले नाही. ह्यांनी मला मारलं. लग्न झाल्यापासून मारतात. आज ते पोरीकडे निघाले होते, म्हणून मी त्यांचा हात फोडला. पोलिसांना बोलवा."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

वेल्डर उभाच होता. त्याचं तोंड उतरलं होतं. तो म्हणाला, "वहिनी, आम्हाला ऐकू यायचं. मागच्या खोलीतलं. सगळं."

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या. "बस इथे. तेच ह्या डॉक्टरीणबाईंना सांग."