आकडा उतरवणारे अंकनाथ

रोह्याच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर चपलांचा ढीग, आत सातशे माणसं आणि स्टेजवर नवरानवरीच्या कोचावर एकटेच अंकनाथ महाराज. मागे पांढऱ्या फळ्यावर नऊ बायकांच्या रक्ताचे आकडे लिहिलेले. अंगाऱ्याआधीचा लाल शाईत, नंतरचा हिरव्या. अठ्ठेचाळीसचे एकोणीस, एकाहत्तरचे चोवीस, एकेचाळीसचे सोळा. प्रत्येकाला टाळ्या. आमच्याकडे आकडा लागतो, हे मला ठाऊक होतं; त्यापायी काही संसार बसलेही. पण आकडा उतरतो आणि त्याला टाळ्या पडतात, हे मी प्रथमच पाहत होतो.

"बाईच्या अंडाशयात कॅन्सर लपतो," महाराज सांगत होते. "डॉक्टर त्याला रक्तात शोधतात. सीए एकशे पंचवीस! पण अर्थ कुणाला कळतो? सी म्हणजे चिंता, ए म्हणजे अहंकार. देहात त्यांच्या एकशे पंचवीस गाठी. मी अंगारा देतो, गाठ सुटते, आकडा उतरतो. हे मी म्हणत नाही, पेणची लॅब म्हणते!"

शेवटचं वाक्य खरं होतं. सीए १२५ हे रक्तातलं एक प्रथिन. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ते बरेचदा वाढतं, पस्तिसाच्या आत असलं तर लॅब ठीक म्हणते. महाराजांचे रिपोर्ट अस्सल होते. पेणच्या शाळेत मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. ते कागद मी भिंग लावून पाहिले, खोट सापडली नाही.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. महाराज बायकांना पहिलं रक्त द्यायला पाळीच्या तिसऱ्या दिवशी पाठवत. "दोष तेव्हा वर येतो," म्हणत. आश्रमात विटाळ पाळत नाहीत हे ऐकून मी इतका हरखलो, की आमच्या विवेक मंडळाच्या बैठकीत म्हणालो, "बुवा असला तरी सुधारक आहे." ते वाक्य इतिवृत्तात आहे. सेक्रेटरी खोडू देत नाही.

कार्यालयाबाहेर महिपती भेटला. माझा वर्गमित्र, कासूजवळ भात आणि वाल पिकवतो. त्याची बायको मैना बासष्ट वर्षांची. चार महिने तिचं पोट फुगत होतं, दोन घासांत भरत होतं. सोनोग्राफीत गाठ आणि पाणी दिसलं, आकडा आला सहाशे बारा. मुंबईच्या सरकारी इस्पितळाने ऑपरेशनची तारीख दिली होती. महिपतीने ती चुकवून मैनाला महाराजांकडे नेलं. आता दुसरी तारीख आली होती, पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारची.

"मास्तर, दीड महिन्यात पाचशे अठ्ठ्याऐंशी! चोवीस उतरला!" महिपतीचे डोळे भरून आले होते. "मंगळवारचं नाय म्हणून कळवतो. महाराज बोलले, चाकू लागला का आकडा उसळतो."

"अरे, तेच रक्त दोनदा तपासलं तरी एवढा फरक पडतो!"

"मग त्या नऊ जणींचं काय? त्या तर बऱ्या झाल्या. सांग ना."

मला सांगता येईना. म्हणून मी चिडलो, त्याला मूर्ख म्हणालो, आणि तो निघून गेला.

उरलेला राग घेऊन मी सोमवारी पेणच्या लॅबमध्ये गेलो. तिथे रक्त घेणारी हुमेरा माझी जुनी विद्यार्थिनी, धरमतरकडची.

"सर, ओरडू नका, पेशंट बसलेत," ती म्हणाली. मग मला आत नेऊन हळूच बोलली, "फॉर्मवर पाळीच्या तारखेचा रकाना असतो. सगळे रिकामा सोडतात, मी विचारून भरते. महाराजांनी पाठवलेल्या चाळीस बायका. पहिलं रक्त सगळ्यांचं तिसऱ्या दिवसाचं, दुसरं पंधरा दिवसांनी. पाळीत हा आकडा कुणाकुणाचा चढतो, सर. मग आपला आपण उतरतो. ज्या नऊ जणींचा चढला, तेवढ्याच फळ्यावर हायत. मला शंका आली म्हणून मी माझंच दोनदा तपासलं."

चौतीस वर्षांत शरीराचा तो धडा आला की मी वर्गाला "घरी वाचा" म्हणून पुढचं पान काढत असे.

पुढच्या रविवारी हुमेरा सभेत आली. "लॅबच्या ताई आल्यात! त्याच सांगतील!" महाराजांनी आनंदाने स्वतःच्या हाताने तिला माइक दिला.

तिने फळ्यावर लाल शाईत अठ्ठावन्न लिहिलं, हिरव्या शाईत एकवीस. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पाहा!" महाराज म्हणाले. "अंगारा कधी घेतलास, बेटी?"

"घेतलाच नाय. हे माझं रक्त. पहिलं पाळीच्या तिसऱ्या दिवशी, दुसरं अठराव्या. मधे भात नि मच्छी खाल्ली."

मग तिने सगळं समजावलं. "मी कुणाचं नाव घेणार नाय. पण ज्यांना तिसऱ्या दिवशी पाठवलं होतं, त्यांनी आठवून बघा."

कुणीही हात वर केला नाही. पुरुष पंख्यांकडे पाहू लागले. नऊ जणींपैकी कुणी कुणाला हे आजवर विचारलंही नव्हतं. महाराजांचा सगळा धंदा त्या न विचारण्यावर उभा होता.

"शिव शिव!" महाराज कडाडले. "भर सभेत विटाळाची भाषा!" सुधारकाला विटाळ आठवला.

तेवढ्यात महिपतीशेजारी बसलेली मैना उठली. एक हात पोटावर, एक खुर्चीच्या पाठीवर.

"माझी पाळी बंद होऊन बारा वर्सं झाली, महाराज. मग माझा तिसरा दिवस कुठचा?"

"माई, तुमचा आकडा श्रद्धेने..."

"चोवीस उतरला. बाकीचा कदी उतरायचा?" ती हुमेराकडे वळली. "माझ्या वयाला हा असा आपला आपण उतरतो काय गो?"

"नाय, काकी," हुमेरा म्हणाली. "पाळी गेल्यावर आकडा एवढा चढला, सोबत गाठ असली, तर थांबायचं नसतं."

मागून कुणीतरी बाई ओरडली, "माझा तिसराच व्हता गो!" मग दुसरी, तिसरी, चौथी.

मैनाने त्या गलक्याकडे पाहिलंही नाही. "उठा," ती महिपतीला म्हणाली. "परवा मुंबईला जायचं हाय. माझे कपडे भरायचेत."

ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. तिसऱ्या केमोनंतर आकडा चव्वेचाळीस आला, तेव्हा महिपती लॅबमध्येच रडला. "बरी झाली ना माझी मैना?"

"काका, औषध लागू पडतंय एवढं यावरून कळतं," हुमेरा म्हणाली. "आकडा नुसता सांगतो. बरं तो करीत नाय. पुढंही तपासत राहायचं."

महाराजांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. जामिनावर सुटून ते सध्या मौनात आहेत, वकिलाच्या सल्ल्याने. त्या नऊ जणींना डॉक्टरांनी नीट तपासलं. दोघींच्या गर्भाशयात साध्या गाठी निघाल्या, बाकीच्यांना काही नाही. कॅन्सर एकीलाही नव्हता. म्हणजे नव्हता तो महाराजांनी बरा केला, आणि मैनाला होता त्याला वाढायला दीड महिना दिला. त्या दीड महिन्याने किती बिघडलं, असं मी मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." महिपती हे ऐकत शेजारीच उभा होता.

म्हणून वाचकांना हात जोडून सांगतो. बाईचं पोट दोन-तीन आठवडे फुगलेलं राहिलं, दोन घासांत भरू लागलं, तर लाजू नका, डॉक्टरकडे जा; आणि घरच्या पुरुषांनो, तुम्हीही बरोबर जा. नुसत्या आकड्याने कॅन्सर ठरत नाही आणि नुसत्या आकड्याने तो जातही नाही. कुणी तुम्हाला उतरलेला आकडा दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी विचारा: रक्त कोणत्या दिवशी घेतलं होतं?